पाय लागला

कुणाला चुकून पाय लागला, की आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. इतकी साधी चूक करायलाही पाय हलावा लागतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या बहिणीच्या, सुमनच्या हातून ती अपघातानंतरच्या नऊ वर्षांत घडली नव्हती.

काल तिच्या मणक्यात बसवलेल्या नव्या यंत्राची चाचणी होती. ती खुर्चीत होती, मी समोर. डॉक्टरबाईंनी कळ दाबली आणि म्हणाल्या, "उचला." सुमनने डोळे घट्ट मिटले, आणि तिचा पाय खाडकन माझ्या गुडघ्यावर आदळला.

"पाय लागला रे दादा!" सवयीने तिने गुडघ्याला हात लावून नमस्कार केला, आणि मगच तिला कळलं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

चूक माझी आणि नमस्कार तिचा! मला राहवेना. "सुमे, त्या दिवशी स्कूटरला कुत्रं आडवं आलं नव्हतं. मी फोन बघत होतो."

"ठाऊक आहे. मागे मीच बसले होते ना?" तिने डोळे पुसले. "सरकू नकोस आता. ही लाथ मुद्दाम मारतेय."

मी गुडघा पुढे केला. दुसरी लाथ पहिलीपेक्षा जोरात बसली. नमस्कार मी केला.