रघोजीचा लांबचा रस्ता

रघोजी गेल्याला आता महिना होत आला. बातमी मला कुंभकोणम स्टेशनावर कळली, तीही माझी ट्रंक उचलायला दुसराच हमाल पुढे आला म्हणून. "रघोजी कुठे उलथला?" मी सवयीने चिडून विचारले. त्या माणसाने नुसते वर बोट केले...

चिडणे हेच आमचे नाते. आमच्या घरचे ओझे रघोजीचे, दुसऱ्या हमालाने त्याला हात लावायचा नाही, असा स्टेशनावरचा शिरस्ता. आणि हा गृहस्थ कधी सरळ घरी येईल तर शपथ! आधी उलट दिशेला विठ्ठलाच्या देवळात जायचे, ओझे देवासमोर टेकवायचे आणि मोठ्याने सांगायचे, "रावांकडे पाहुणे आले, विठ्ठला. चार दिवस राहतील." तोवर उन्हात आमचा जीव मेटाकुटीला. वर घरी ताक पिताना डोक्याची चुंबळ ओट्यावरच्या खिळ्याला अडकवून विसरायचा आणि नेमका आम्ही जेवायला बसलो की ती न्यायला दार ठोठावायचा.

माझी थोरली बहीण, अक्का, सासरचा जाच सोसेना म्हणून तंजावरहून एकटी निघून आली, त्या दिवशीही त्याने हेच केले. तिला गुपचूप घरी न्यायचे सोडून हा भर रस्त्याने देवळाकडे! मी दातओठ खात मागे. ट्रंक टेकवून त्याने अक्काच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, "अक्का आल्या, विठ्ठला. घरीं आल्या." चार दिवस वगैरे काही नाही.

दारात आमचे वडील, अप्पा, उभे होते. "ट्रंक उतरवूं नको. संध्याकाळचे गाडीनें ही परत जाईल."

रघोजीने ट्रंक उतरवली. "घरीं आल्या म्हणून देवाला सांगितलें मी, सामी. आतां लटकें कसें करूं?"

अप्पा खूप ओरडले. पण दुसरा हमाल येणार नव्हता, आणि स्वतः ट्रंक डोक्यावर घेऊन रस्त्याने जाणे अप्पांच्याने होणार नव्हते. गाडी निघून गेली. जेवायच्या वेळी अप्पांनीच अक्काचे पान मांडायला सांगितले. त्यानंतर ती या घरातून गेली नाही.

परवाचा नवा हमाल मला कुठेही न थांबता घरी घेऊन आला. जन्मभर हवे होते तेच झाले, तरी मी धुमसतच होतो. आता चिडायला कुणी उरले नाही, याचेच फार वाईट वाटत होते. ओट्यावर खिळ्याला त्याची विसरलेली चुंबळ तशीच होती.

अक्कापर्यंत बातमी पोचलीच नव्हती; मीच सांगितली. तिने ओट्यावरच्या खिळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "विठ्ठलाला सांगून आलास?"

मी नाही म्हटले. तिने खिळ्यावरची चुंबळ काढून माझ्यापुढे धरली.

"इतक्या उन्हांत?" मी करवादलो... आणि ट्रंक डोक्यावर घेतली.