सॉकेटच्या पलीकडे कोण होतं?

आधीच सांगून टाकतो — भूत, करणी, राखणदार, यातलं काहीही मी मानत नाही. रत्नागिरीत असताना चहाच्या वेळी कुणी राखणदाराचा विषय काढला, की मी कप उचलून दुसऱ्या टेबलावर जायचो. आजही जाईन! त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा साताऱ्याचा, बदलीवर रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत प्रोग्रामर म्हणून आलेलो. आवारात उपग्रहाची तबकडी, आणि मागच्या बाजूला एसी लावलेली कॉम्प्युटरची खोली. निरोपाचे तुकडे करायचे, प्रत्येकाचं पाकीट करून पत्ता घालायचा आणि सोडून द्यायचं, असं ते नेटवर्क. प्रोग्राम ही पाकिटं ज्या दारातून आत-बाहेर करतो ते दार म्हणजे सॉकेट. ती सॉकेट्स लिहिणं हे माझं काम.

धुळीच्या धास्तीने त्या खोलीत चपला घालायला बंदी होती. आमचे शिपाई गोपाळमामा कुलूप लावताना फक्त दाराबाहेर बघायचे. चपला आहेत म्हणजे माणूस आत, नाहीत म्हणजे खोली रिकामी. आत डोकवायचं नाही, गार हवा जाते ना! पण कचेरीत टिप्या नावाचं एक कुत्रं होतं आणि त्याने माझा आधीचा जोड फस्त केला होता. म्हणून त्या शनिवारी मी नव्या कोल्हापुरी चपला कागदात गुंडाळून गुपचूप आत नेल्या. केवढा शहाणपणा!

तबकडीची केबल दुरुस्तीसाठी काढलेली होती. म्हणून मी एकाच मशीनवर दोन प्रोग्राम चालवून चाचणी घेत होतो. एकाने पाठवायचं, दुसऱ्याने जसंच्या तसं परत करायचं. 'नमस्कार' टाकलं की 'नमस्कार' परत. त्यात इतका गढलो, की एसी आणि दिवे बंद झाले तेव्हाच भानावर आलो. मामांनी मेन स्विच पाडला होता. मशीन तेवढं बॅटरीवर चालू. धावत जाऊन दार ओढलं... बाहेरून कुलूप.

हाका मारल्या, दार बडवलं. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतींना थर्माकोल, वर पत्र्यावर धो धो पाऊस. फोन साहेबांच्या केबिनमध्ये. आता सोमवारीच दार उघडणार होतं. आणि मला दमा — पंप राहिला बिऱ्हाडी.

थोड्या वेळाने छाती शिट्ट्या मारायला लागली. घाबरलो, खोटं कशाला सांगू. अंधारात तो हिरवा पडदा तेवढा उजळलेला. वेड्यासारखं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'मी आत कोंडलोय. श्वास लागतोय.' तेच परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. स्वतःलाच हाका मारत होतो, दुसरं काय! पुन्हा पाठवलं...

पडद्यावर आलं — 'वाईच दम खा. चपला दाराखालून भायेर ढकल.'

मी 'कोण?' विचारलं. 'कोण?' असंच परत आलं.

असलं वाक्य मी कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि ही माझी बोलीही नव्हे. पण विचार करायला दम कुठे होता? दाराखालची रबराची पट्टी उपटली, एक चप्पल अर्धी बाहेर सरकवली आणि फटीला तोंड लावून आडवा पडलो. किती वेळ गेला कोण जाणे. पाऊस थांबला. मग चपलेला हिसका बसला — पलीकडे टिप्या गुरगुरत होता. "ओढ रे बाबा, ओढ!" मी म्हणालो. जन्मात त्या कुत्र्यावर इतकं प्रेम केलं नव्हतं.

कचेरीमागेच राहणारे मामा रोज संध्याकाळी त्याला भाकरी घालायचे. त्यांचा आवाज आला, "हाड् मेल्या! कोनाची चपला ती?" मग किल्ल्यांची घाई.

"अवो साहेब! चपला नव्हती भायेर, म्हनून कुलूप घातला मी!" मामा रडायलाच लागले. त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं.

सोमवारी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. काही सापडलं नाही. मामा शेजारी उभे होते; पडद्यावरच्या निरोपाचं मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "ज्यानं सांगितलान त्याला आभार तरी कळवा." मनातल्या मनात हसत मी 'उपकार झाले' टाकलं. 'उपकार झाले' परत आलं. आणि मग खाली, मी काहीही न पाठवता, आणखी एक ओळ —

'आता माझा दार उघड.'

मी ती मोठ्याने वाचली. मामांनी लगेच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. आम्ही दोघांनी कचेरीतलं दार न् दार उघडलं. रेकॉर्डची खोली, कपाटं, जनरेटरची शेड, संडास. कुठेच काही नव्हतं. पुढे मोठ्या इंजिनिअरना विचारलं, तर म्हणाले, मेमरीतला कचरा. आता कचरा रत्नागिरीची बोली बोलतो का? दुसरं स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही.

त्या दिवसापासून मामांनी स्वतःच्या जुन्या चपलांचा जोड त्या दाराबाहेर ठेवून दिला. खोली रिकामी असली तरी तो तिथेच. नव्या साहेबांनी एकदा चिडून विचारलं, "आत कोणी नाही, मग या चपला कुणाच्या?"

"ऱ्हाऊ दे वो साहेब," मामा म्हणाले. "कुलूप नको पडायला."