कापडातली माया

लिफ्टकाकांची राखाडी पँट हा त्या घरातला चमत्कार होता. लग्नानंतर बायकोने हौसेने शिवून दिलेली ती पँट पन्नाशी ओलांडल्यावरही त्यांना येत होती. मित्रांच्या कमरा कुठल्या कुठे गेल्या, पट्ट्यांना खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. काका मात्र छाती पुढे काढून (ते पोट होतं, पण काका त्याला छातीच म्हणत) सगळ्यांना सांगायचे, "बघा, तीच पँट! सूतभर फरक नाही!"

अशा वेळी त्यांची बायको, जिला सगळी इमारत टेलरबाई म्हणायची, तोंडात टाचण्या धरून मशीनवर वाकायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. त्या धंद्यात याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही.

कारण चमत्कार तिचा होता. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. नवऱ्याच्या पँटीत टेलरबाईने ती सढळ हाताने सोडली होती. काका कामावर गेले, की अधूनमधून ती कमरेची शिवण उसवायची, थोडी माया मोकळी करायची, इस्त्री फिरवायची आणि पँट होती तशी घडी घालून कपाटात ठेवायची. कामावरच्या निळ्या पँटींचंही तेच. बिचाऱ्याला वाईट वाटू नये, एवढाच हेतू. काका फुगत गेले, पँट फुगत गेली आणि दोघांचा एकमेकांवरचा विश्वास अढळ राहिला.

तो मोडला एका झडपेने.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. मधेच अडकलेल्या लिफ्टच्या छतावर वरून उतरायचं, छतातली चौकोनी झडप उघडायची आणि तिच्यातून आत जाऊन घाबरलेल्या माणसांना धीर द्यायचा, हा त्यांच्या कामातला सगळ्यात आवडता भाग. एखादा गाणारा स्टेजवर येतो, तसे काका झडपेतून यायचे. त्या दिवशीही आले. पाय आले, गुडघे आले, मांड्या आल्या आणि मैफल तिथेच थांबली. वर अर्धे काका, खाली अर्धे काका. आतल्या एका आजींनी भाजीची पिशवी खाली ठेवली, वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाकीचे कधी येणार?"

त्यांना बाहेर ओढायला दुसरे दोघे आले. संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. "काका, आता ऑफिसात बसा. तक्रारींचे फोन घ्या. पंखा आहे, खुर्ची आहे."

"साहेब, खुर्चीत बसून लिफ्ट दुरुस्त होत नाही."

"मग मोठ्या तपासणीपर्यंत थांबतो मी. उन्हाळ्यात. त्या झडपेतून माझ्यासमोर खाली उतरलात तर काम तुमचं. नाहीतर फोन तुमचा."

घरी आले ते मोजपट्टीच शोधत. "अगं, ती टेप दे तुझी! या नव्या कंपन्या झडपा लहान बनवायला लागल्यात. पत्रा वाचवतात मेले!"

"पण तुम्ही तर तिच्यातूनच जायचात ना इतकी वर्षं?"

"मग आटली असेल! मी तोच, पँट तीच. फरक झडपेतच असणार."

हिशोब चोख होता. चूक फक्त पँटीत होती. टेलरबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, कपाटातून राखाडी पँट आणली आणि दिव्याखाली उलटी करून त्यांच्या मांडीवर ठेवली. कमरेच्या आतल्या बाजूला जुन्या शिवणींच्या रेघा एकीशेजारी एक उमटलेल्या होत्या, झाडाच्या बुंध्यात वर्षं दिसावीत तशा. शेवटची शिवण कापडाच्या अगदी काठावर होती.

काका बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. ओरडतील, असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माया संपली?" त्यांनी विचारलं.

"कापडातली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी व्यायामाचं नाव काढलं. ते नाव त्या घराला नवीन नव्हतं. काकांनी पूर्वी एकदा जागच्या जागी चालवायची सायकल आणली होती. तिच्यावर आता धुतलेले कपडे वाळत बसायचे. एकदा एकाच रविवारी वर्षाचा व्यायाम उरकला होता आणि पुढचा आठवडाभर टेलरबाईनेच त्यांना मोजे चढवले होते. त्यामुळे हेही चार दिवसांचं प्रकरण, असं मनात धरून टेलरबाई मशीनवर बसली.

पण या वेळी काकांनी सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी चहाचं आधण ठेवलं, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, तिच्यावर बसले, उठले. बसले, उठले. मग भिंतीला हात टेकून भिंत ढकलली. पाण्याला उकळी आली, की थांबले.

"एवढंच?" टेलरबाई म्हणाली.

"एवढंच. बंद पडलेल्या लिफ्टकडे सगळे धावतात गं. चालू लिफ्टला थोडं थोडं तेल द्यावं लागतं, ते कुणी बघत नाही. मी स्वतःला कधी दिलंच नाही."

भिंतीपलीकडे एक निवृत्त शाळामास्तरीण राहायच्या. इमारत त्यांना बाई म्हणायची आणि घाबरायची. आठवडाभराने त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "रोज सकाळी माझी भिंत का ढकलता? इकडे जागा कमी पडते म्हणून माझं घर सरकवताय होय?"

"बाई, व्यायाम आहे."

"ह्याला व्यायाम म्हणतात? माझी मांजर याहून जास्त करते. झोपेत!"

काका हसले आणि दुसऱ्या दिवशी आधण ठेवून पुन्हा खुर्चीवर बसले. बसले, उठले. चार दिवस केव्हाच उलटले. टेलरबाई प्रकरण संपायची वाट बघत राहिली आणि प्रकरण संपेना. पाव्हणे आले, तर काकांनी खुर्ची गॅलरीत नेली. गुडघा कुरकुरला, तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली. मधेच तापाने आडवे झाले. तेव्हा ती मनात म्हणाली, झालं, सुटलं. ताप उतरल्यावर एका सकाळी तिला खुर्चीचा आवाज आला. दाराआडून पाहिलं. काका एकदाच उठले, घाम पुसला आणि आधण उतरवलं. एकदाच! पूर्वीचे काका असते तर बुडालेले सगळे दिवस एका झटक्यात भरून काढायला गेले असते आणि पुन्हा पडले असते. हे काका एकदा उठून समाधानाने चहा गाळत होते.

टेलरबाई तिथेच उभी राहिली. आयुष्यभर तिने शिवणी पाहिल्या होत्या. एकेक टाका किती क्षुल्लक असतो आणि त्याच टाक्यांनी अख्खा कोट अंगावर कसा उभा राहतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण माणूसही असा टाक्याटाक्याने स्वतःला पुन्हा शिवू शकतो, तेही तिच्याच स्वयंपाकघरात, चड्डी-बनियनवर, केस विस्कटलेले असताना, हे तिने प्रथमच पाहिलं. एखाद्या उंच शिखराकडे बघावं, तशी ती त्या टक्कल पडत चाललेल्या डोक्याकडे बघत राहिली.

तपासणीच्या दिवशी ती गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून पोचली आणि साहेबांच्या शेजारी लिफ्टमध्ये उभी राहिली.

"तुम्ही कशाला आलात?" साहेब म्हणाले.

"फिटिंग बघायला."

वर झडप उघडली. पाय आले, गुडघे आले, मांड्या आल्या. मग सगळं थांबलं. साहेबांनी घसा खाकरला. टेलरबाईने मोजपट्टीचं टोक मुठीत घट्ट आवळलं. वरून एक लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मग पोट आलं, थोडं घासत, थोडं रुसत, पण आलं! खांदे आले, आणि काका दोन्ही पायांवर अलगद उतरले. खाली टेकताना गुडघे वाकले आणि पुन्हा सरळ झाले, रोज त्या खुर्चीवरून होत होते तसेच.

"घाबरू नका," काका सवयीने म्हणाले. "मी आलोय."

साहेब हसले. टेलरबाईला हसू येईना, नि रडूही येईना.

त्या संध्याकाळी ती राखाडी पँटीची शिवण आत घ्यायला बसली. सुई आपोआप जुन्या भोकांवर जात होती. मनात मात्र एकच धास्ती होती. काम तर वाचलं. आता उद्या?

सकाळी ती डोळे मिटून पडून राहिली. काका उठल्याचं कळलं. भांड्यात पाणी पडलं. मग काहीच नाही. ती श्वास रोखून ऐकत राहिली. आणि खुर्ची करकरली.

तेवढ्यात भिंतीवर पलीकडून थापा पडल्या. बाईंचा आवाज आला, "अहो लिफ्टवाले! आज उशीर का? मी कधीची इकडून ढकलतेय. एकटीच्या जोरावर भिंत पडेल ना तुमच्या अंगावर!"