प्रकल्प म्हणायचं नाय

आमच्याकडे एक शब्द असा आहे की तो कुणी मोठ्यानं बोललं तर माणसं जेवणावरून उठतात. प्रकल्प. शहरातल्या शाळांत पोरं पुठ्ठे कापून प्रकल्प करतात म्हणे. पेण-रोह्याच्या गावांत प्रकल्प म्हणजे गाडीतून साहेब उतरणार, बांधावर चुन्याच्या रेघा मारणार, आणि पुढच्या पावसात तुम्ही तुमच्याच शेतात परके. ज्यांचं गेलं त्यांना कागदात प्रकल्पग्रस्त म्हणतात. पूरग्रस्त म्हणतात तसं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण एवढा शब्द मला लांबून वाचता येतो.

त्या पोरीला हे माहीत नव्हतं. ती रोह्याचीच, पण बाजारात वाढलेली. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान, भाऊ आखातात नोकरीला, घरात शेत नाही. मुसलमान घरातली, बोलायला आमच्यासारखीच. विद्यापीठात पीएच.डी. करत होती. भातकापणी संपली होती, अंगणात पेंढे रचलेले होते, तेव्हा ती मिनीडोरमधून उतरली आणि थेट माझ्या बायकोसमोर येऊन बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हुशार होती.

"काकी, मला वालाचा अभ्यास करायचाय. भात निघाल्यावर नुसत्या ओलीवर हा वाल वाढतो कसा, त्याच्या मुळांवर गाठी असतात त्या जमिनीला काय देतात, ते बघायचंय. तीन हिवाळे एकाच शेतात. सरकार पैसे देतं त्याला."

"वाल कसा वाढतो ते बघायला सरकार पैसे देतं?" बायको म्हणाली. "आन् आम्ही वाढवतो त्याचं?"

"त्याचं नाही देत," पोरगी म्हणाली. तोंड पडलं बिचारीचं.

त्या खऱ्या उत्तरावर बायको खूश झाली. ओहोळाच्या कडेचं खालचं खाचर तिनं तिथंच देऊन टाकलं. मला विचारलं नाही. त्या खाचरात वाल तीच लावायची, मी भातापुरता. तेव्हा विचारायचं काही कारणही नव्हतं.

मग पाटी आली. सरकारी पैशाचा नियम असा की पैसा जिथं लागतो तिथं पाटी लावायची. पत्र्याची पाटी, लोखंडी पायावर. वर हाताएवढ्या अक्षरांत 'संशोधन प्रकल्प' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बाकी सगळं, वाल, विद्यापीठ, कुठल्या खात्याचं अर्थसहाय्य, ते. पोरगी ती रोवून रोह्याला परत गेली. जेवणवेळेपर्यंत निम्मा गाव बांधावर उभा.

सगळ्यांत पुढे माझा चुलतभाऊ. त्याची जमीन पूर्वी एका प्रकल्पात गेली. तो प्रकल्प काही झाला नाही, आणि जमीनही परत आली नाही. आता तो धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट करतो आणि येता-जाता आपल्या जुन्या शेतात वाढलेलं रान बघतो. त्याला मी हसणार नाही. त्याच्या शेतातही पहिली पाटीच आली होती.

"वहिनी, जमीन इकलीस?" त्यानं विचारलं.

"इकली नाय. वाल पेरलाय."

"पाटीवर काय लिवलंय ते वाच."

"मना वाचता आलं असतं तर तुझ्याशी बोलत उभी राहिले असते काय रे?"

लोक हसले, पण पाटी उपटलीच. ओहोळात टाकली. संध्याकाळी बायको गुडघाभर पाण्यात उतरली, ती ओढून आणली, राखेनं घासली आणि खुराड्यावर झाकण म्हणून ठेवली. चांगला जाड पत्रा होता. आमच्या कोंबड्या तेव्हापासून सरकारी अर्थसहाय्याखाली झोपत.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली, खुराडं बघितलं आणि पायरीवर बसली. "काकी, पाटी नसली तर वर काय सांगू?"

"वर काय सांगायचं ते तू बघ. खाली प्रकल्प म्हणायचं नाय. अभ्यास म्हण."

"मंजुरीच्या कागदात प्रकल्पच लिहिलंय."

"कागदात असू दे गो. तोंडात नको."

तेव्हापासून अभ्यास. गावानंही मान्य केलं. अभ्यासाला कुणाची हरकत नसते, त्यात कुणाचं काही जात नाही असं लोकांना वाटतं.

पोरगी दर आठवड्याला यायची. झाडं मोजायची, एखादं उपटून मुळं धुवायची, गाठी चिमट्यानं काढून बाटलीत भरायची. आणि दुपारी बायकोबरोबर भिजवलेले वाल सोलत बसायची. मोड आलेला वाल सोलणं म्हणजे निवांत काम, हात चालतो आणि तोंड मोकळं राहतं. मी ओटीवर पडल्या पडल्या ऐकत असे. अभ्यासाचे पैसे कुठून येतात ते मी असं पडूनच शिकलो. दिल्लीतलं खातं विद्यापीठाला देतं, विद्यापीठ तिच्या सरांना, सर तिला. प्रत्येक ठिकाणी ते थोडे थांबतात. तिला स्वतःला जे मिळायचं त्याला फेलोशिप म्हणत.

"नापास झालेल्यांना देतात काय गो?" बायकोनं विचारलं होतं.

"नाही काकी, पास झालेल्यांना. पण वेळेवर देत नाहीत."

वेळेवर येत नसे हे खरं. मग ती आमच्याकडे जेवायची आणि चहाला दूध नको म्हणायची. बायको मुद्दाम दुधाचाच द्यायची.

एकदा तिला शेणखताची पावती हवी होती. खाचरात आमच्याच गोठ्यातलं खत घातलं होतं, आणि कार्यालय म्हणत होतं की खत दाखवलंय तर पावती जोडा. शेणाची पावती! बायको उठली, पोरीचा हात धरला आणि तिला गोठ्यात नेऊन गाईपुढे उभी केली. "घे हिचा अंगठा." पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. आमच्या घरात त्याआधी पुष्कळ वर्षं असं कुणी हसलं नव्हतं. आम्हाला मूल नव्हतं. ते इथं लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय कळणारही नाही.

मी एकदा तिला म्हटलं, "तुझा भाव आखातात कमावतो. तो देईल की. एवढ्या पावत्या कशाला गोळा करतेस?"

ती वाल सोलता सोलता म्हणाली, "काका, भाऊ देतो म्हणतो. पण भावाचे पैसे आले की त्याच्या मागून त्याचा शब्द येतो. कधी लग्न, किती शिकणार, कुणाबरोबर जातेस. सरकार नुसत्या पावत्या मागतं. पावत्या बऱ्या."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही. आता येतं.

दोन हिवाळे असे गेले. त्यानंतरच्या पावसात, भाताची लावणी उरकल्यावर, बायको आजारी पडली. पेणला नेली, तिथून अलिबागला. तिथंच संपलं. ते मी लिहिणार नाही. शेवटी शेवटी ती शुद्धीवर असताना एवढंच बोलली की बियाण्याचे वाल राखेत घालून ठेवलेत, पोरीचं मडकं वेगळं आहे, घरच्या वालात मिसळू नका. ही काय नवऱ्याला सांगायची गोष्ट? मला राग आला होता. अजून थोडा आहे.

दिवसकार्याला पोरगी आली, बायकांच्यात मागे बसली. कुणीतरी पुढ्यात सोलायच्या वालांनी भरलेलं सूप ठेवलं, ती मान खाली घालून सोलत राहिली. निघताना माझ्याजवळ आली.

"काका, यंदा राहू दे. मी कळवते, शेत मिळालं नाही म्हणून."

"शेत मिळालं नाय? मी मेलोय काय?"

ती चपला शोधायला लागली.

"बंद केलं तर आधीच्या दोन हिवाळ्यांचं काय?" मी विचारलं.

"धरत नाहीत. तिन्ही सलग लागतात. आणि यंदा समिती येणार आहे. उभं शेत बघणार, मगच शेवटच्या वर्षाचे पैसे. आणि पाटी लागते. आधीच्या दोन्ही वेळा सरांनी सांभाळून घेतलं. यंदा त्यांचं चालणार नाही."

म्हणजे एवढंच होतं. वाल उभा नसेल किंवा पाटी उभी नसेल, तर पोरीचं शिक्षण अर्ध्यात मोडणार, आणि मग भावाचा शब्द आखातातून यायला विमानही लागणार नव्हतं. आणि बायकोनं दोन हिवाळे त्या खाचरात वाकून जे केलं ते कुठल्याही हिशेबात धरलं जाणार नव्हतं.

वाल मी लावला. राखेतलं बी काढलं, कापणीनंतरच्या ओलीवर एकेक टाकलं. ती रेषेत टाकायची, माझ्या ओळी वाकड्या आल्या. पोरगी म्हणाली चालेल. चालणार नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, मग दोघांनी मिळून विरळणी करून ओळी सरळ केल्या.

पाटीसाठी मी चुलतभावाकडे गेलो. तो शिफ्टवरून येऊन पाय धूत होता.

"खुराड्यावरची पाटी शेतात लावणार हाय," मी म्हटलं. "विचारायला नाय आलो, सांगायला आलोय."

"दादा, तुला दुःख झालंय म्हणून गप बसतो. पण पाटी नाय लागणार. सरकारचा पैसा आला म्हंजे मागून सरकार येतं."

"पैशामागून कोणीतरी येतंच. कंपनीचा घेतला तर कंपनी येईल, भावाचा घेतला तर भाव. हे लोक येतात, वाल बघतात, चहा पितात, जातात. दोन वर्षांत जमीन मोजली कोणी?"

"माझी पण आधी नव्हती मोजली." तो शांतपणे म्हणाला. पाय पुसले. त्याचा आवाज चढला असता तर मी भांडलो असतो. तो चढला नाही, म्हणून मी पण खाली बसलो.

पाय पुसलेलं फडकं दोरीवर टाकून तो म्हणाला, "लिहून दे. जमीन कोणाची ते पाटीवर लिहून दे."

पोरीला विचारलं. ती म्हणाली, पाटीचा नमुना ठरलेला असतो, एक अक्षर वाढवता येत नाही. चुलतभावानं डोकं खाजवलं. "त्या पाटीवर नको लिवू. तिच्या खाली दुसरी लावू. दुसरीला नमुना नाय ना?"

दुसरीला नमुना नव्हता.

त्याच्या घरी जुन्या कपाटाचा पत्रा पडला होता. धाटावहून त्यानं उरलेला निळा रंग आणला. माझ्या अंगणात बसला आणि विचारलं, "जमीन कोणाची लिवू? तुझी?"

"तिची लिही."

"सातबारा तुझ्या नावावर हाय."

"सातबाऱ्यावर असू दे. पाटीवर तिची."

"मेलेल्या माणसाचं नाव पाटीवर, दादा?"

"मुंबयला चौकाचौकात कोणाची नावं हायत? सगळी मेलेलीच हायत."

तो बघत राहिला, मग हसला, मग रडला. मी रडलो नाही, मला कामं होती. त्यानं लिहिलं: हे शेत अमुक यांचं आहे, इथं वालाचा अभ्यास चालू आहे, जमीन कुणी मागू नये. 'अमुक'च्या जागी तिचं पूर्ण नाव, माझं नाव मध्ये, आडनाव शेवटी. एवढ्या लांब नावानं तिला जन्मात कुणी हाक मारली नव्हती. अभ्यास हा शब्द त्यानं स्वतःहून घातला.

समिती आली तेव्हा वाल फुलावर होता, खालच्या फांद्यांना शेंगा धरत होत्या. दोन साहेब आणि एक बाई. पोरगी सांगत होती, बाई बोटानं माती उकरून गाठी बघत होत्या. गाव बांधावर उभा, सगळ्यांत पुढे चुलतभाऊ, हाताची घडी घालून. म्हातारे साहेब दोन्ही पाट्या वाचत थांबले. वरची झटकन वाचली, खालची सावकाश.

"ही कोणी लावली?"

पोरीचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार तेवढ्यात चुलतभाऊ म्हणाला, "गावानं."

"का?"

"वरच्या पाटीवर जो शब्द हाय ना साहेब, तो आमच्याकडं चालत नाय."

साहेबांनी वर पाहिलं, पुन्हा खाली. मग चष्मा काढून पुसला. "माझ्या वडिलांची जमीन धरणात गेली," ते म्हणाले. मोबाइल काढून दोन्ही पाट्यांचा मिळून एकच फोटो घेतला. बाईंनी विचारलं, नमुन्यात बसतं का. साहेब म्हणाले, "वरची बसते ना? मग झालं."

पैसे मंजूर झाले. उशिरा आले, पण आले. पोरगी सांगायला आली तेव्हा मी तिला दुधाचा चहा केला. गोड फार झाला. ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

शेंगा निघाल्यावर तिनं विचारलं, पाट्या काढायच्या का. वरची मी काढून परत खुराड्यावर ठेवली, कोंबड्यांचं अडत होतं. खालची तशीच आहे. या पावसात तिच्यावरची अक्षरं पुसट झाली होती. परवा चुलतभाऊ शिफ्टवरून येताना निळ्या रंगाचा डबा घेऊन परस्पर खाचराकडे गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं.