तीच मागं लागली होती

सांगलीच्या आमच्या कॉलेजात दर शनिवारी दुपारी मी मुलांना जुने काळेपांढरे सिनेमे दाखवतो. नॉयर म्हणतात, त्या जातीचे. गोष्ट बहुतेक एकच असते. हॅट घातलेला रुबाबदार गडी, त्याला भेटलेली देखणी बाई, मग खून, मग पोलीस. आणि सगळं आटोपल्यावर त्या गड्याचा पडेल आवाज: तिनंच मला या फंदात पाडलं.

हा क्लब आम्ही दोघांनी सुरू केला. ती कॉलेजच्या लायब्ररीत होती. प्रोजेक्टर लावायची ती, भाषण ठोकायचो मी. एकदा सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "तुमच्या या हिरोला कुणीसुद्धा फसवलेलं नाही. त्याला ते सगळं हवंच होतं. मला हवं होतं, एवढं म्हणायची छाती नव्हती, बस." मी हसलो आणि पुढच्या शनिवारी ते वाक्य माझं म्हणून खपवलं. अजूनही खपवतो.

लग्नाचं मीच विचारलं होतं. तीनदा. दोनदा ती नको म्हणाली. जात वेगळी, तुमच्या घरी निभायचं नाही, असं तिचं म्हणणं. तिसऱ्यांदा मी छाती फुगवून म्हणालो, घरचं मी बघतो. तेव्हा कुठं ती हो म्हणाली.

तासगावला आमची द्राक्षबाग आहे. बेदाण्याचा सीझन चालू होता, वडील शेड सोडून हलेनात, म्हणून आमच्या लग्नाची बैठक शेडातच बसली. मिलिटरीतून रिटायर झालेले थोरले चुलते मुद्दाम आले होते. वडील त्यांच्या शब्दाबाहेर कधीच नव्हते. तिलाही बोलावलं होतं. बायकांनी तिला आपल्यात बसवून घेतलं आणि तीही त्यांच्याबरोबर बेदाणे निवडू लागली. आमच्यात आणि त्यांच्यात फक्त सावलीची हिरवी जाळी.

चुलत्यांनी सरळच विचारलं, "तुज्या मनात काय हाय ते सांग रं. ही पोरगी तुला पायजे का न्हाई?"

वडील मान खाली घालून बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि न दिसणाऱ्या त्या चेहऱ्यालाच मी घाबरलो. तोंडातून निघून गेलं, "तीच मागं लागली होती."

जाळीपलीकडचे हात थांबले. ती उठली, ओढणी झटकली, बायकांना "येते" म्हणाली आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागली. मी जागचा हललोसुद्धा नाही. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. मलकापूरला एका शाळेत लागली, एवढंच पुढं कानावर आलं. मी लग्न केलं नाही. त्याला लोक माझा त्याग म्हणतात, आणि मी म्हणू देतो. इतका मी भित्रा आहे.

यंदा सीझनला तासगावला गेलो. वडील आता नाहीत. चुलते फार थकलेत, शेडाच्या दारात बाजेवर पडून असतात. मला बघून सहज म्हणाले, "ती तुज्या मागं लागलेली पोरगी, कुटं असती रं आता?"

माझं ते एक वाक्य इतकी वर्षं आमच्या घरात तिला चिकटून राहिलं होतं. मला माझीच किळस आली. म्हणालो, "काका, ती नव्हती मागं लागली. मी लागलो होतो. मी तेव्हा खोटं बोललो."

चुलते कोपरावर रेलून बाजेवर उठून बसले.

"तुज्या बापाला मी आदल्या दिवशीच राजी केला हुता," ते म्हणाले. "सुपारी खिशात घिऊन आलो हुतो, गड्या. तू नुसतं व्हय म्हणायचा अवकाश हुता."