शेवटची गाडी गेल्यावर

नांदेडची शेवटची गाडी चुकावी आणि त्याबद्दल माणसानं पुढं जन्मभर देवीचे आभार मानावेत, असा चमत्कार साऱ्या मराठवाड्यात फक्त माहूरला घडत असे. आणि तो रेणुकामाता नव्हे, आमचे वरचे काका घडवत असत. वरचे म्हणजे नात्यानं नव्हे, चढावानं. त्यांचं घर आमच्या डोक्यावर, आमचं त्यांच्या पायाशी, आणि मध्ये पाच-दहा शेवाळलेल्या पायऱ्या. डोंगरावर कसं राहावं याचं काकांचं स्वतःचं शास्त्र होतं. मी इथल्या कॉलेजात नोकरीला आलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो अडवून त्यांनी ते मला ऐकवलं.

"सर, वरच्याशी भांडू नये, त्याचं सांडपाणी आपल्या दारात येतं. खालच्याशी बी भांडू नये. पाय घसरला की त्याच्याच अंगणात पडायचं असतं."

"मग भांडायचं कुणाशी, काका?"

"बायकोशी. ती आपल्याच पातळीवर राहती."

आतून काकूंचा आवाज आला, "सरांना आधी पाणी तर पिऊ द्या, मग शहाणपण शिकवा!"

या शास्त्राचं सर्वांत कडक कलम असं होतं, की गावात आलेला माणूस रात्री बसस्टँडच्या बाकावर झोपता कामा नये. झोपला तर गावाची बेअब्रू. म्हणून काका रोज संध्याकाळी धोतराचा सोगा हातात धरून स्टँडवर हजर. शेवटची गाडी धूळ उडवत वळणाआड गेली, की मागं उरलेली माणसं ते अशी गोळा करत, जशी बाई पावसाच्या भीतीनं वाळवण गोळा करते. "चला, चला. पिठलं भाकरी हाय, घोंगडी हाय. देवीनंच ठेवून घेतलं म्हणा." गावातली वाईट जीभ असं म्हणायची, की देवी नव्हे, काकाच ठेवून घेतात. निघायच्या गाडीच्या दारात माणूस गाठून ते त्याच्या गावच्या पाऊसपाण्याची चौकशी सुरू करत, ती त्याच्या आजोळापर्यंत जाई, आणि तेवढ्यात कंडक्टर बेल मारी.

एकदा तर कहर झाला. चहाच्या टपरीपाशी बनियनवर उभा असलेला एक दमलेला माणूस काकांनी पाहिला. "चुकली न्हवं? चला!" त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण काकांपुढं तोंड उघडून उपयोग नसतो. पाटावर बसवल्यावर वाफाळलेलं पिठलं पुढं आलं आणि मग त्या बिचाऱ्यानंच उघडलेलं तोंड बंद केलं. तिकडं स्टँडवर गाडी उभी, गाडीत माणसं घामेजलेली, कंडक्टर शिट्ट्या मारून लाल झालेला. शेवटी टपरीवाल्यानं सांगितलं, "तुमच्या ड्रायव्हरला वरच्या काकांनी नेलंय." सगळी गाडी पायऱ्या चढून काकांच्या दारात! काका ओशाळले असतील असं तुम्हाला वाटेल. त्यांनी अंगणभर नजर फिरवली आणि आत हाक मारली, "अगं, पीठ वाढव!"

काकू गेल्या आणि भाकरी काका स्वतः थापू लागले. त्या भाकरीला नकाशासारखे कोपरे असत. पण पाहुणे येत होते, म्हणून चूल पेटत होती. मग पाहुणेच यायचे थांबले. लोक आपापल्या जीपा आणि गाड्या घेऊन येऊ लागले. दर्शन घेतलं, प्रसादाचा तांबूल तोंडात टाकला, काच वर केली आणि उताराला लागले. शेवटची गाडी निम्मी रिकामी जाऊ लागली. काका मात्र स्टँडवर जातच राहिले, आणि परत येताना त्यांच्या मागं फक्त एखादं कुत्रं असे.

गेल्या श्रावणात ते स्वतःच्या मोरीत घसरले. पत्र्यावर पाऊस इतका, की त्यांच्या हाका आम्हाला खाली ऐकूही आल्या नाहीत. सकाळी दूधवाल्यानं उचललं. लातूरहून मुलगी आली. ती बोलायला काकूंच्या वळणावर गेलेली.

"आबा, रात्री घरात दुसरं माणूस असलं तर ऱ्हावा खुशाल. नसलं तर चला माझ्यासंगं. मी हाय हप्ताभर. बघते किती पाहुणे येतात ते."

काका काठी टेकत स्टँडवर जाऊ लागले. जीपांच्या काचांवर टकटक करत म्हणत, "उतरा की! एक रात राहावं माणसानं!" आतली माणसं त्यांच्या हातावर नाणं ठेवायला बघत. मला ते पाहवेना. नाटकाची खाज मला जुनीच. मी पुसदच्या साडूला बोलावून घेतलं, कपाळाला मळवट फासला, हातात पिशवी दिली आणि गाडी गेल्यावर त्याला बाकावर रडवेल्या तोंडानं बसवलं. काकांनी त्याला अलगद उचलला. मी घरी बसून स्वतःच्या दिग्दर्शनावर खूश.

सकाळी काका पायऱ्या उतरून आमच्या अंगणात आले.

"पावना झकास होता, सर. पिठलं मागून मागून खाल्लं. पण गाडी चुकलेला माणूस ताटावर बसायच्या आधी घरी फोन लावतो. 'आज येत न्हाई, काळजी करू नका' म्हणतो. मगच त्याला घास जातो. तुमच्या पावन्याला आठवणच झाली न्हाई."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"काका, पोरीला तर काही बोलला नाहीत ना?"

"सांगितलं तिला. आजवर मी अडलेल्याला घरी नेत होतो. काल तुम्ही अडलेल्याच्या घरी माणूस धाडला. लई उपकार झाले. पण हे रोज कसं जमायचं?" मग काठीनं पायरीवरचं शेवाळ खरवडत म्हणाले, "पोरगी पिशवी भरून राहिली. एवढं शेवाळ काढत जा. तुमची लेकरं खेळतात इथं."

दुपारी ते पोरीबरोबर लातूरला गेले.

आता वरच्या घराला कुलूप आहे आणि माकडं पत्र्यावर नाचतात. काका लातूरहून फोन करतात. "इथं वरच्याचं पाणी पायपातून जातं, सर. कोण राहतं वर, ते बी ठाव न्हाई," म्हणतात. जिना स्वच्छ लाद्यांचा आहे म्हणतात, पोरगी लई जपते म्हणतात. हे सगळं बोलणं म्हणजे खरा प्रश्न नुसता पुढं ढकलणं असतं, कारण फोन नेमका शेवटची गाडी गेल्यावरच येतो आणि मला तो ठाऊक असतो.

"सर, स्टँडवर कुणी राहिलं का आज?"

"नाही, काका. कुणीच नाही."



"बरं झालं," ते म्हणतात. "समदे आपापल्या घरी पोचले."