द्राक्षांची ओटी

बाबांना फ्रान्समधलं एखादं जुनं, वाईनवालं गाव बघायचं होतं. वाईनच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत, पण हौस दांडगी. आईला घेऊन जायचं ठरवत होते आणि ठरवता ठरवताच गेले.

त्यानंतर मी आईला पुण्याहून माझ्याकडे ऑकलंडला आणलं. २०१६च्या एप्रिलमध्ये तिला अकारोआला घेऊन गेले. खाली साउथ आयलंडवरचं हे फ्रेंचांनी वसवलेलं गाव. बुटकी लाकडी घरं, रस्त्यांना अजून फ्रेंच नावं, उतारावर द्राक्षवेली. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. आई साडीवर बाबांचा स्वेटर घालून माझ्यामागून मुकाट चालायची. एका वळणावर एवढंच म्हणाली, की त्यांना आवडलं असतं.

माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. संक्रांतीला माझ्याच घरी हळदीकुंकू होतं आणि ही बेडरूमचं दार लावून नातीचे पोहायचे टॉग्ज घडी करत बसली. मी खूप तणतणले. जन्मभर बँकेत नोकरी केलेली बाई, हिला कसली आलीय रीत? ती वाद घालत नाही, हेच मला जास्त लागतं. या दाराबाहेर तिला कसं आणायचं, मला काही सुचत नव्हतं.

अकारोआत आम्ही एका म्हाताऱ्या बाईंकडे उतरलो होतो. निघायच्या सकाळी त्या व्हरांड्यातल्या वेलीची द्राक्षं उतरवत होत्या. एकटीला हीप्स, ढीगभर होतात, घेऊन जा, म्हणाल्या. त्यांनी टोपलीतून भरभरून ओंजळ उचलली आणि आईचे हात सवयीने पदर धरून पुढे झाले. द्राक्षं पदरात पडली, तेव्हा कुठे तिला भान आलं. तिचा चेहरा पार उतरला.

"सांग त्यांना," ती मला हळूच म्हणाली.

मी काय सांगणार, आणि कुठल्या इंग्रजीत? मी थँक्यू म्हटलं. मग ओटीतले चार दाणे परत देतात तशी आईने चार द्राक्षं उचलून टोपलीत ठेवली. आपल्याला खायलाच दिलीत असं वाटून बाईंनी त्यातलं एक तोंडात टाकलं. तेव्हा आई रडली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा, हुंदके देऊन. त्या बाई काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मला वाटलं, सुटलं एकदाचं. जूनमध्ये ती पुण्याला परत निघाली, तेव्हा मी ताटात तांदूळ, नारळ, खण मांडला आणि तिला पदर पुढे करायला सांगितलं. तिने पदर कमरेला घट्ट खोचला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"त्यांना माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."